माहितीचेही दात पाहून घ्या

(मुक्त विद्यापीठाच्या कृषी शिक्षणक्रमांना प्रवेश घेतलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांपुढे अभ्यासकेंद्रावरील संपर्क सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. पुस्तक, लेबल, मोबाईल किंवा दुकान यांतून माहिती घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास तो उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहोत.)



आज समोर बसलेल्यांत विशीतले थोडे आणि तिशी-चाळिशीच्या पुढचेच जास्त दिसतात. काहींची मुले महाविद्यालयात शिकत आहेत, एक-दोघांना नातवंडेही झाली आहेत. पहाटे धारा काढून, जनावरांना वैरण टाकून आणि पाण्याची पाळी घरच्यांवर सोपवून आपण येथे आला आहात. शाळा सुटून वीस-वीस वर्षे झाल्यावर पुन्हा पाटी-पुस्तक हाती घेणे सोपे नाही. त्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिक येथे स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. त्या काळी अडचण होती ती माहिती मिळण्याची. नवीन वाणाची शिफारस गावात पोचायला दोन-तीन हंगाम जात. आज परिस्थिती उलट झाली आहे. मासिके, पुस्तके, कंपन्यांची माहितीपत्रके, मोबाईलवरील चित्रफिती आणि निरोप यांचा पूर आला आहे. पूर आला म्हणून त्याचे पाणी पिण्याजोगे होत नाही, ते गाळून घ्यावे लागते. हे गाळणे कसे करावे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

माहिती साक्षरता म्हणजे काय?

ग्रंथालयशास्त्रात याला 'माहिती साक्षरता' म्हणतात. हा शब्दप्रयोग १९७४ साली अमेरिकेत पॉल झुर्कोवस्की यांनी प्रथम केला. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेच्या समितीने त्याची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा की, आपल्याला माहितीची गरज केव्हा आहे हे ज्याला ओळखता येते, ती शोधता येते, पारखता येते आणि नीट वापरता येते, तो माहिती साक्षर. लिहिता-वाचता येणे ही पहिली पायरी झाली, ही त्यापुढची.

शब्द नवा असला तरी हे काम तुम्हाला नवे नाही. बैलबाजारात बैल घेताना तुम्ही काय करता? दात पाहता. चालवून पाहता. औताला किंवा गाडीला जुंपून पाहता. खांदा आणि खूर तपासता. धनी का विकतो आहे याची दुसरीकडून चौकशी करता. दलाल कितीही गोड बोलला तरी पदराखालच्या व्यवहारात चटकन हात पुढे करत नाही. एका बैलासाठी आपण एवढे करतो. मात्र "अमुक औषध मारा, फरक पडतो," असे कोणी सांगितले की पाच मिनिटांत बाटली घेऊन मोकळे होतो. बैलाला लावता तीच पारख कागदाला, बाटलीला आणि मोबाईलला लावा, एवढेच माझे सांगणे आहे.

माझी एक चूक

इतरांच्या चुका सांगण्यापूर्वी माझी सांगतो. २०२१ च्या खरिपात एका संपर्क सत्रात ऊस आणि भुईमुगावरील हुमणीच्या नियंत्रणावर मी बोलत होतो. हाती माझेच जुने टाचण होते. वर्षानुवर्षे तोच पाठ देत असल्याने पुन्हा वाचून पाहण्याची गरज मला वाटली नव्हती. त्यात फोरेट दाणेदार जमिनीत मिसळण्याची शिफारस होती, ती मी फळ्यावर लिहिली. विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घेतली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून पन्नाशीचे एक विद्यार्थी उठले. म्हणाले, "सर, चुकत असेन तर माफ करा, पण फोरेट तर बंद झालंय ना?" मी विचारले, "कोणी सांगितले?" ते म्हणाले, "दुकानदार म्हणाला, आता येत नाही. मला वाटलं, माल संपला म्हणून सांगत असेल. म्हणून तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांनी सरकारी यादीच दाखवली."

त्यांचे बरोबर होते. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये काही कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यांपैकी फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन इत्यादी सहा रसायने ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णपणे बंद झाली. माझे टाचण त्याआधीचे होते. लिहिले तेव्हा ते बरोबर होते, वाचले त्या दिवशी चूक होते. मी फळा पुसला, वर्गाची क्षमा मागितली आणि सर्वांना वहीतील ती ओळ खोडायला लावली.

या गृहस्थांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पण त्यांनी ऐकलेली गोष्ट दुसऱ्या जागी ताडून पाहिली आणि शिकवणारा चुकतो आहे असे दिसल्यावर उठून विचारले. माहिती साक्षरता ती हीच. त्या दिवशी ते गप्प बसले असते तर माझी चूक पस्तीस वह्यांतून पस्तीस गावांत गेली असती.

पारखण्याचे पाच प्रश्न

माहिती कोठूनही येवो, तिला पुढील पाच प्रश्न विचारावेत.

*१. सांगतो कोण, आणि त्यात त्याचे हित काय?* दुकानदार आपला शत्रू नव्हे. तो उधारी देतो, अडीनडीला धावून येतो. परंतु माल खपण्यात त्याचे हित आहे, हे लक्षात ठेवूनच त्याचा सल्ला ऐकावा. कंपनीच्या माहितीपत्रकाचेही तसेच. शेजाऱ्याला विकायचे काही नसते, पण त्यालाही कोणीतरी सांगितलेले असते. त्याने स्वतः पाहिलेले किती आणि ऐकलेले किती, हे विचारून वेगळे करावे.

*२. केव्हाची आहे?* पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर आवृत्तीचे वर्ष असते, ते प्रथम पाहावे. जुन्या पुस्तकांत बोंडअळीसाठी एन्डोसल्फान सापडेल. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. कपाशीचेच दुसरे उदाहरण घ्या. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी वाण आले. "बीटी आहे, बोंडअळीची चिंता नको," हे तेव्हा खरे ठरले. पुढे गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ च्या हंगामात याच वाणांवर तिने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. जुन्या भरवशावर बसलेल्यांना कामगंध सापळे लावायला उशीर झाला.

म्हणून जुने ते सारे टाकाऊ असेही समजू नये. मातीचा नमुना घेण्यासाठी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यावा, बांधाजवळची व खताच्या ढिगाखालची जागा टाळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत नमुना अर्ध्या किलोवर आणावा, हे तीस वर्षांपूर्वी खरे होते आणि आजही खरे आहे. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंब आणि बाभळीवर जमतात व ते रात्री झाडे हलवून गोळा करून मारावेत, ही शिफारसही जुनी झालेली नाही. औषध, वाण, दर, अनुदान आणि नियम यांची माहिती लवकर शिळी होते. जमीन, पाणी आणि किडीचा जीवनक्रम यांची सावकाश होते.

*३. कोठली आणि कशासाठी?* कोकणातील जांभ्या जमिनीवरची शिफारस वऱ्हाडातील काळ्या जमिनीला लागू पडेलच असे नाही. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत, ती यासाठीच. जमीन, पाऊस, हंगाम आणि वाण आपल्याशी जुळतात काय, हे पाहावे.

येथे जमीन आरोग्य पत्रिकेचा उल्लेख करतो. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. त्या वेळच्या पद्धतीनुसार बागायती भागात अडीच हेक्टरला आणि जिरायती भागात दहा हेक्टरला एक नमुना घेतला गेला. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचे असले तरी माती शेजाऱ्याच्या रानातली असू शकते. पत्रिका निरुपयोगी नाही, तिच्यावरून परिसराचा अंदाज येतो. परंतु डाळिंबाची बाग उभी करायची असेल तर स्वतःच्या रानातील नमुना स्वतः तपासून घ्यावा.

*४. कशावरून?* "मी हे टॉनिक मारले आणि एकरी एवढे क्विंटल झाले," असे सांगणारा खोटे बोलत नसतो. पण न मारता किती झाले असते, हे त्याला माहीत नसते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, बियाणे नवे असेल. विद्यापीठात प्रयोग घेताना बाजूला काही वाफे उपचार न करता ठेवतात आणि तेच अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत करून पाहतात, ते याचसाठी. दरवर्षी चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत अशा निष्कर्षांची छाननी होऊन मगच शिफारस बाहेर पडते. आपणही नवीन काही वापरताना मध्ये चार ओळी कोऱ्या सोडाव्यात. काढणीच्या वेळी त्या ओळींचा माल वेगळा वजन करावा. चार ओळींनी दिलेली साक्ष शंभर जाहिरातींना भारी पडते.

*५. दुसरे कोण तेच सांगते?* एका तोंडाचे ऐकून निर्णय घेऊ नये. मात्र तीच चित्रफीत दहा जणांनी पाठवली म्हणजे दहा साक्षीदार झाले असे नव्हे, साक्षीदार एकच. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी तीच गोष्ट आढळली तर ती भरवशाची मानावी.

शोधावे कसे?

माहिती न सापडण्याचे मोठे कारण म्हणजे प्रश्नच अर्धवट असणे. "करपा पडला, काय मारू?" असा प्रश्न येतो. आता करपा हा शब्द आपण किती रोगांना वापरतो पाहा. भाताचा करपा वेगळा, कांद्यावरील जांभळा करपा वेगळा, केळीचा करपा म्हणजे सिगाटोका आणखी वेगळा. टोमॅटोवर तर लवकर येणारा आणि उशिरा येणारा असे दोन करपे, दोघांच्या बुरश्या निराळ्या. तुरीची मर आणि हरभऱ्याची मर यांचे नाव एक असले तरी बुरशीचे प्रकार दोन. नुसते 'करप्याचे औषध' शोधले की भाताचे उत्तर कांद्याला चिकटते. म्हणून प्रश्नात पीक, वाण, पिकाचे वय, झाडाचा कोणता भाग, डागाचा रंग व आकार आणि मागील आठवड्यातील हवामान, एवढे तरी असावे. रोगाचे शास्त्रीय नाव एकदा वहीत टिपून ठेवले की पुढचा शोध सोपा होतो.

पुस्तक हाती आल्यावर पहिल्या पानापासून वाचत बसू नये. अनुक्रमणिका पाहावी, शेवटी सूची असल्यास तिच्यात शब्द शोधावा. तुम्हाला सगळे पुस्तक पाठ करायचे नाही, नेमके पान गाठायचे आहे. गावच्या किंवा तालुक्याच्या ग्रंथालयात ग्रंथपालांना विचारायला संकोच करू नये. मोठ्या माणसाला "मला हे माहीत नाही" म्हणणे जड जाते, हे मी समजू शकतो. पण ते म्हटल्यावाचून शोध सुरूच होत नाही.

कधी कधी पुस्तकात उत्तर नसतेच. मक्यावरील लष्करी अळी आपल्या देशात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. त्यापूर्वीच्या पुस्तकात मक्याच्या पोंग्यातील अळी म्हणून खोडकिडाच सापडणार. नव्या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडच्या बाजूस चौकोनात चार ठळक ठिपके असतात. पुस्तकातील वर्णन आणि रानातील अळी जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नये. अळी डबीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्यावी. किसान कॉल सेंटर २००४ पासून सुरू आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीतून विनामूल्य विचारता येते.

बाटलीवरील मजकूर वाचा

शेतकऱ्याच्या हाती येणारा सर्वांत महत्त्वाचा छापील कागद कोणता असे विचाराल तर मी कीटकनाशकाचे लेबल आणि सोबतचे माहितीपत्रक असे सांगेन. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्यानुसार कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद करावी, हे नोंदणी झालेले असते. आपले पीक त्यात नसेल तर ते औषध त्या पिकासाठी शिफारस केलेले नाही, असे समजावे. दुकानदाराने तोंडी सांगितलेले लेबलची जागा घेऊ शकत नाही.

लेबलवरील रंगीत त्रिकोणाबाबत बराच गैरसमज आढळतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. हा रंग माणसाला असलेला धोका सांगतो, किडीवरचा परिणाम नव्हे. लाल आहे म्हणून अळी लवकर मरेल हे खरे नाही. हिरवा आहे म्हणून ते सेंद्रिय, हेही खरे नाही.

बाटलीवरील मोठ्या अक्षरातील नाव व्यापारी असते. त्याखाली लहान अक्षरात तांत्रिक घटक असतो, तो वाचावा. इमिडाक्लोप्रिड हा एकच घटक अनेक कंपन्या अनेक नावांनी विकतात. नाव बदलले म्हणून औषध बदलले असे समजून आपण तेच पुन्हा मारतो, खर्च वाढतो आणि किडीला त्याची सवय होते. टक्केवारीही पाहावी. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के द्रवरूप आणि ७० टक्के दाणेदार या दोन्हींत घटक तोच असला तरी दुसरे जवळजवळ चौपट तीव्र आहे. एकाची मात्रा दुसऱ्याला लावता येणार नाही.

द्राक्ष बागायतदारांना प्रतीक्षा कालावधीचे महत्त्व सांगायला नको. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे नाकारली गेली, तेव्हा अनेकांना मोठा फटका बसला. आपल्याकडे चालते आणि बाहेर चालत नाही, ही माहिती वेळेवर नसली की वर्षाची मेहनत कंटेनरात अडकते.

याहूनही गंभीर किंमत मोजावी लागते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याला कारणे अनेक होती. दाट व उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, अंगावर संरक्षक कपडे नसणे, ही त्यांतली काही. मला मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. पंप पाठीवर घेणारे कित्येक जण मजुरीवर होते. बाटली दुसऱ्याने विकत घेतली, मिश्रण दुसऱ्याने सांगितले आणि विष तिसऱ्याच्या अंगावर उडाले. तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या रानात जो फवारतो त्याला लेबल वाचून दाखवणे हे तुमचे कर्तव्य आहे. शिकलेल्याने वाचायचे आणि न शिकलेल्याने भोगायचे, असे होऊ देऊ नका.

आकडा नीट वाचा

शिफारशीत हेक्टरी १००:५०:५० असे लिहिलेले असते. हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या किलोंचे आहेत, खताच्या किलोंचे नव्हेत. युरियात ४६ टक्के नत्र असते. तेव्हा १०० किलो नत्रासाठी हेक्टरी २१७ किलो युरिया लागतो. १०० किलो युरिया टाकून 'शिफारस पाळली' असे कोणी म्हटले तर पिकाला निम्म्याहूनही कमी नत्र मिळाले. उलट २१७ किलो युरिया एकरात ओतला तर अडीचपट झाला. एक एकर म्हणजे ४० आर आणि एक हेक्टर म्हणजे १०० आर. म्हणून एकराला ८७ किलो युरिया. स्फुरदासाठी १६ टक्क्यांचे सिंगल सुपर फॉस्फेट घेतल्यास एकरी १२५ किलो आणि पालाशासाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश एकरी सुमारे ३३ किलो लागेल. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ किलोची झाली. म्हणून जुन्या पुस्तकातील 'दोन गोण्या' किलोत मोजून घ्याव्यात.

फवारणीची मात्रा बहुधा १० लिटर पाण्यासाठी दिलेली असते, तुमचा पंप १६ किंवा २० लिटरचा असतो. शिफारस हातपंपासाठी आहे की पेट्रोल पंपासाठी, हेही पाहावे, कारण दोन्हींना लागणारे पाणी सारखे नसते.

बाजारभावाचेही तेच. बाजार समितीच्या तक्त्यात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. मोबाईलवर फिरतो तो बहुधा कमाल दर. तो दर एखाद्याच उत्तम वक्कलाला मिळालेला असू शकतो. त्यावर हिशेब करून गाडी भरली की लिलावात मन खट्टू होते. बहुतेक मालाला काय मिळाले हे सर्वसाधारण दरावरून कळते. शेजारच्या आवकेच्या रकान्यावरून उद्याचा थोडा अंदाज येतो.

मोबाईलचे काय?

मोबाईल वाईट नाही. तालुक्याला खेप न घालता शासनाची बंदी घातलेल्या कीटकनाशकांची यादी तो घरात दाखवतो. पण त्यात विद्यापीठाचे पत्रक आणि कोणीही केलेली चित्रफीत एकाच आकाराच्या चौकटीत दिसतात. म्हणून चित्रफीत पाहताना ती कोणी केली, कोणत्या वर्षी केली आणि शेवटी काही विकत घ्यायला सांगितले आहे काय, हे पाहावे. 'आलेला निरोप पुढे पाठवा' असे त्यातच लिहिलेले असेल तर तो आपल्यापाशीच थांबवावा.

आता तर प्रश्न विचारला की क्षणात मराठीत उत्तर जुळवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही हाती आली आहेत. त्यांची भाषा सफाईदार असते. बरोबर असो वा चूक, उत्तर तेवढ्याच ठामपणे येते. कोणत्या शब्दाने शोधावे, अवघड उताऱ्याचा अर्थ काय, यासाठी त्यांचा उपयोग करावा. औषधाची मात्रा मात्र लेबल आणि विद्यापीठाची शिफारस पाहिल्याशिवाय त्यावरून ठरवू नये.

स्वाध्याय आणि नोंदवही

शेवटी तुमच्या स्वाध्यायांविषयी. एकदा सात-आठ स्वाध्यायांत मला एकच उतारा जसाच्या तसा आढळला. मूळ पुस्तकात 'हेक्टरी' होते. पहिल्या नक्कल करणाऱ्याने घाईत 'एकरी' लिहिले आणि पुढे सर्वांनी इमानेइतबारे तेच उतरवले. मी गुण कापले, पण मला गुणांची चिंता नव्हती. हाच स्वाध्याय उद्या रानात वापरला जाणार आहे, ही चिंता होती. म्हणून स्वाध्याय लिहिताना वाचलेले स्वतःच्या शब्दांत मांडा, ते कोठून घेतले ते पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पानासह लिहा आणि शेवटी स्वतःच्या रानातला अनुभव जोडा. पुस्तकाचे पुस्तकाला आणि तुमचे तुम्हाला असे वेगळे दिसले पाहिजे.

यासाठी दोनशे पानी एक वही करावी. तिच्यात सहा रकाने आखावेत: तारीख, माझा प्रश्न, माहिती कोणी दिली, ती कोणत्या वर्षाची, दुसरीकडे कोठे ताडून पाहिली आणि वापरल्यावर काय झाले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण तो कोणत्याही पुस्तकात छापलेला मिळत नाही. दोन-तीन हंगामांत कोणाचा सल्ला खरा ठरतो आणि कोणाचा नाही, हे ती वही तुम्हाला सांगू लागेल.

आता घरचा अभ्यास. पुढच्या सत्राला येताना घरात असलेली औषधाची एक बाटली निवडा. तिच्यावरील तांत्रिक घटक, टक्केवारी, त्रिकोणाचा रंग, शिफारशीचे पीक, प्रतीक्षा कालावधी आणि मुदत संपण्याची तारीख वहीत उतरवून आणा. रिकामी असली तरी बाटली घेऊन येऊ नका. अक्षर बारीक असेल तर मुलाकडून किंवा सुनेकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. वाचता वाचता त्यांचेही शिक्षण होईल.

आणि एक विनंती. मी येथे जे बोललो तेही पारखून घ्या. माझ्या टाचणावर आता मी वर तारीख घालतो आणि दर हंगामाला ते नव्याने तपासतो. तरीही चूक राहिली तर त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याप्रमाणे उठून विचारा. त्यात शिक्षकाचा अपमान होत नाही. आपल्या रानाचे आणि रानात राबणाऱ्यांचे मात्र रक्षण होते.